घंटेच्या काठावरची चीर

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर तेव्हा पूल नव्हते आणि राजे आपल्या राज्यातून पायी हिंडत असत, इतकी जुनी. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी; कारण हिच्यात जे चुकले ते एका मोठ्या, शहाण्या आणि नावाजलेल्या माणसाचे चुकले.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाखालून नदी वाहायची. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून जायची, पण पौष लागला की पाणी आटून एका कडेला सरकायचे आणि मधे रुंद वाळवंट उघडे पडायचे. ज्यांना काठावर जमीन नव्हती ती माणसे त्या वाळूत मळे करत. वाळूत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत घालायचे, झऱ्याचे पाणी हाताने आणून काकडी, दुधी, टरबुजाचे वेल वाढवायचे. चैत्र-वैशाखात अर्धे गाव पात्रातच राहायला असे, गवताच्या खोपटांत.

त्या नदीला एक वाईट खोड होती. दूर वरच्या डोंगरात अवेळी पाऊस झाला, की गावावर आभाळ निळे असतानाही तिला एकाएकी लोंढा यायचा. म्हणून गावाने टेकडीवर घंटा टांगली होती. टेकडीवरून दोन कोसांवरची खिंड दिसे. खिंडीतून गढूळ पाणी बाहेर पडताना दिसले, की राखणदाराने घंटा बडवत सुटायचे. पाणी गावाशी पोचायला माणसाचे सावकाश जेवण होईल इतका वेळ लागे. तेवढ्यात पात्रातली माणसे, गुरे, पोरेबाळे काठ चढून वर येत. राखणदार रोज सकाळी घंटेचा एकच टोला देई. पहाऱ्यावर कोणीतरी बसले आहे, निश्चिंत कामाला लागा, असा त्याचा अर्थ.

जुनी घंटा लहान होती. मळे वाढले, पात्रात दूरवर पसरले, तेव्हा तिचा आवाज शेवटच्या खोपटापर्यंत पोचेना. राजाच्या कानावर हे गेले आणि त्याने नवी घंटा ओतायचे काम केरोबा ओताऱ्याला दिले.

केरोबासारखा ओतारी त्या मुलखात दुसरा नव्हता. त्याच्या हातच्या समया, घंटा, देवांच्या मूर्ती लांबलांबच्या देवळांत होत्या. आई लहानपणीच गेली होती. थोरल्या बहिणीने, सगुणाक्काने, त्याला वाढवले होते. बापाने भट्टीपाशी बसवून विद्या दिली होती. बाप मोजके बोलायचा, पण एक गोष्ट त्याने केरोबाला पुन्हा पुन्हा सांगितली होती.

"तांब्याची घागर पडली तर तिला पोचा येतो," बाप म्हणायचा. "ती वाकते, म्हणून वाचते. घंटेचं कांसं वाकत नाही. त्यात कथील जितकं जास्त, तितका आवाज गोड आणि तितका धातू ठिसूळ. घंटा टोले सोसत राहते, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस तुटते. तुटण्याआधी सांगत नाही. म्हणून तिला कुठे धारदार खाच ठेवू नको. टोल्याचा सगळा जोर जाऊन त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो."

राजा म्हणाला, "आवाज असा हवा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून मान वर करावी."

केरोबाने तांबे वितळवले आणि त्यात कथील नेहमीपेक्षा थोडे अधिक घातले. थोडेच, पण त्याच्या बापाने घातले असते त्याहून अधिक. साचा फोडून घंटा बाहेर काढली, घासूनपुसून टेकडीवर चढवली. पहिला टोला पडला तेव्हा पात्रातल्या शेवटच्या खोपटातली माणसे बाहेर येऊन उभी राहिली. आवाज कितीतरी वेळ नदीवर रेंगाळला. राजाचे डोळे भरून आले.

"माग, काय हवं ते," राजा म्हणाला.

केरोबाने सोने मागितले नाही, जमीन मागितली नाही. तो म्हणाला, "घंटेवर माझं नाव असावं, महाराज."

मागणी लहान होती. राजाने हसून मान डोलावली. साच्यातच उठावाची अक्षरे केली असती तर काही बिघडले नसते, पण साचा तर केव्हाच फोडला होता. आता नाव घालायचे तर छिन्नीने कोरायला हवे होते. वर घुमटाकडे, जिथे धातू जाड आणि टोल्यापासून दूर होता, तिथे कोरले असते तर खालून कोणाला वाचता आले नसते. केरोबाने नाव काठावर कोरले. छिन्नी नवी होती, धार कडक होती. शेवटच्या अक्षराचा काना त्याने खाली ओढला तो घंटेच्या ओठापर्यंत गेला आणि तिथे त्याला सुईसारखे टोक आले. कोरताना बापाचे बोलणे त्याच्या मनात आले होते. एवढ्याशा रेघेने काय होते, असे म्हणून त्याने ते बाजूला सारले.

तीन वर्षे घंटा वाजली. या तीन वर्षांत दोनदा पाणी आले आणि दोन्ही वेळा एकही माणूस गेला नाही. लोक केरोबाला वाटेत थांबवून हात जोडू लागले. मळेवाले पहिली काकडी त्याच्या घरी पाठवू लागले.

घंटेची राखण ठकूबाईकडे होती. तिचा नवरा आधी राखणदार होता. तो वारल्यावर हे काम तिने मागून घेतले. टेकडीवरच्या झोपडीत ती एकटी राहायची. डोळे खिंडीवर आणि कान घंटेवर, असे तिचे दिवस जात.

चौथ्या वर्षी पौषातल्या एका कडक थंडीच्या सकाळी ती केरोबाच्या भट्टीवर आली. केरोबा मूस निखाऱ्यांत बसवत होता.

"ओतारीबुवा, जरा वर येऊन बघता का?" ती म्हणाली. "आज टोला दिला, तर मागून झर्र असा आवाज आला. जशी माशी अडकलीय आत."

केरोबाच्या हातातला चिमटा थांबला. "थंडी आहे. आवाज बसतो थंडीत," तो म्हणाला.

"घंटेचाही बसतो?"

"बसतो कधी कधी. येतो मी दुपारी."

दुपारी तो एकटाच वर गेला. ठकूबाई खाली झऱ्यावर पाणी भरायला गेली होती. त्याने घंटेच्या काठावर तेल चोळले, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वरून चुन्याची पूड भुरभुरली. मग तो उकिडवा बसून वाट पाहत राहिला. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर तेलाची एक बारीक रेघ उमटली. आत शिरलेले तेल बाहेर येत होते. रेघ केसाएवढी होती, लांबीला एक बोट. ती त्याच्या नावाच्या शेवटच्या कान्याच्या टोकापासून निघून वर चढली होती.

केरोबाने तिच्यावरून नख फिरवले.

यावर उपाय त्याला ठाऊक होता. बापाने तो एकदा करून दाखवला होता. चीर जिथे संपते तिथे सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, आरपार गोल भोक पाडायचे. चिरेचे टोक धारदार असते म्हणून ती पुढे धावते. टोकाशी गोल भोक आले की धार संपते आणि जोर कडेकडेने वाटला जातो. मग पुढची घंटा ओतून होईपर्यंत ती तग धरते. आवाज थोडा उतरतो, रूप जाते, पण घंटा वाचते. सामता घरी खुंटीला लटकत होता. अर्ध्या दिवसाचे काम होते.

पण भोक अंगठ्याएवढे पडले असते, आणि तेही काठावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. लोकांनी विचारले असते, की काय झाले. चीर कुठून निघाली हे सांगावे लागले असते. आणि माघी पौर्णिमेला राजा शेजारच्या राज्याचे पाहुणे घेऊन ही घंटा ऐकायला येणार होता.

पौर्णिमा होऊन जाऊ दे, केरोबाने मनाशी म्हटले. मग पाडतो भोक.

त्याने लाख वितळवली, तीत काजळी आणि कांस्याचा बारीक कीस मिसळला, आणि ते चिरेत भरले. वरून घासले. रेघ दिसेनाशी झाली. ठकूबाई डोक्यावर घागर घेऊन वर आली तेव्हा तो हात पुसत होता.

"काही होतं का?" तिने विचारले.

"काही नाही. थंडीच आहे. काही दिवस टोला जरा हलका द्या."

ठकूबाईने घागर उतरवली. "तुम्ही बघितलंत, मग मला घोर नाही," ती म्हणाली.

माघी पौर्णिमेला राजा आला. पाहुण्यांपुढे घंटेचा एक टोला झाला. केरोबा जिवाचा कान करून ऐकत होता. लाखेने झर्र आवाज दाबला होता. त्याच्याशिवाय कोणाला काही कळले नाही. पाहुण्यांनी वाहवा केली. राजाने तिथल्या तिथे हुकूम दिला, की नदीकाठच्या आणखी गावांना केरोबानेच घंटा ओतून द्याव्यात.

आता भोक पाडले तर नवी कामे आपल्या हातून जातील, असे केरोबाला वाटले. निदान पहिल्या दोन घंटा होऊन जाऊ देत. त्या दोन घंटा त्याने फाल्गुनापर्यंत ओतल्या, टांगल्या, आणि दोन्ही गावांच्या लोकांनी आग्रह केला म्हणून त्या घंटांच्याही काठावर नाव कोरले. नको म्हणायला कारण सांगावे लागले असते.

मधूनमधून, ठकूबाई झऱ्यावर गेली की, तो टेकडीवर जाऊन येई. दर खेपेला तेल आणि चुना लावून बघे. दर खेपेला रेघ लाखेच्या पुढे गेलेली असे. रोज सकाळचा तो एक टोला तिला कणाकणाने पुढे नेत होता. एक बोटाची दोन बोटे झाली, दोनाची तीन. केरोबा पुन्हा लाख भरून खाली येई. त्याची झोप गेली होती. जेवताना घास तोंडात तसाच राही. एकदा सगुणाक्का त्याच्या घरी भाजी घेऊन आली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"केरबा, तुला काही होतंय का?"

"काम जास्त आहे, अक्का."

"काम काय तुझ्या हाताला नवं आहे?" ती म्हणाली, पण पुढे तिने विचारले नाही. तिचा टरबुजांचा मळा त्या वर्षी अगदी पात्राच्या मधोमध होता आणि तिला उन्हाआधी पाणी घालायला परतायचे होते.

फाल्गुनाच्या अखेरीस ठकूबाईने त्याला टेकडीच्या पायवाटेवर गाठले.

"ओतारीबुवा, तुम्ही दर पंधरवड्याला वर येता," ती म्हणाली. "घंटेत काही असेल तर सांगा. मी गावकीला सांगून जुनी घंटा पुन्हा वर आणवते. लहान आहे, पण दोन्ही वाजवता येतील."

केरोबाच्या ओठांशी शब्द आले होते. त्या घटकेला फक्त हो म्हणायचे होते.

"काही नाही," तो म्हणाला. "माझं काम आहे, माझा जीव आहे तिच्यात. म्हणून बघायला येतो."

ठकूबाईने मान हलवली. "मला कान आहेत, पण कांस्यातलं मला काय कळतं," ती म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

चैत्र आला. टरबुजे भरली. एका सकाळी ठकूबाईने रोजचा टोला दिला आणि लोक कामाला लागले. आभाळ स्वच्छ होते. दूरच्या डोंगरांवर मात्र आदल्या दुपारपासून काळे ढग बसले होते, आणि तिथे काय होत होते ते गावातून दिसत नव्हते.

ऊन चढल्यावर ठकूबाईला खिंडीच्या तोंडाशी तपकिरी रंग दिसला. तो हलत होता. ती धावत घंटेपाशी गेली, दोर दोन्ही हातांनी धरला आणि अंगातला सगळा जोर लावून ओढला.

लोलक काठावर आदळला आणि ताडकन आवाज झाला. घंटेच्या काठाचा एक मोठा तुकडा सुटून खालच्या कातळावर पडला. चीर एका टोल्यात वरच्या घुमटापर्यंत पोचली होती. ठकूबाईने पुन्हा दोर ओढला, पुन्हा ओढला. फुटके मडके काठीने बडवावे तसा थड थड आवाज निघाला आणि टेकडीच्या उतारावरच जवळजवळ विरून गेला. मग तिने दोर सोडला आणि ओरडत पायवाटेने खाली पळत सुटली. पण टेकडी उंच होती आणि तिचे वय झाले होते.

खाली पात्रात लोकांना काही तरी वाजल्यासारखे वाटले. कोणी भांडी ठोकत असेल, असे म्हणून ते पुन्हा खाली वाकले.

गावात फक्त एका माणसाला तो आवाज ओळखू आला. केरोबा भट्टीवरून उठला आणि अनवाणी नदीकडे धावला. काठावरून वाळूत उतरताना तो ओरडत होता, "वर चढा, पाणी येतंय, वर चढा."

पहिल्या मळ्यातल्या माणसाने खुरपे हातात धरूनच त्याच्याकडे पाहिले. मग टेकडीकडे पाहिले, मग आभाळाकडे. "घंटा वाजली नाही, केरोबा," तो समजुतीने म्हणाला. "उन्हाने भोवंडलास का? बस जरा सावलीला."

केरोबा दुसऱ्या मळ्यात धावला, तिसऱ्या मळ्यात धावला. सगळीकडे तेच. कोणी त्याला पाणी देऊ केले. कोणी हसले. घंटा वाजली नसेल तर पाणी नाही, हे त्या लोकांनी तीन वर्षे अनुभवले होते. केरोबाने ओतलेल्या घंटेवर त्यांचा एवढा विश्वास होता, की खुद्द केरोबावर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

तो पात्राच्या मधोमध सगुणाक्काच्या मळ्यात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"अक्का, ऊठ. वर चल. लोंढा येतोय."

अक्का वेलाखाली गवत सारत होती. "घंटा कुठे वाजली, केरबा?" ती म्हणाली. "तुझी घंटा आहे ती. वाजल्याशिवाय राहील का?"

केरोबा वाळूत गुडघ्यांवर बसला. मग त्याने आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "घंटा वाजणार नाही. ती फुटली. तिला चीर होती, माझ्या नावापासून निघालेली. पौषापासून होती. मला माहीत होतं. मी लाख भरून लपवली."

मग शेजारच्या मळ्यातल्या बाईने पोर कडेवर घेतले आणि ती पळू लागली. तिच्यामागे दुसरी माणसे निघाली. शब्द एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात गेला आणि जिकडेतिकडे लोक काठाकडे धावू लागले. पळा म्हणून सांगताना जे झाले नव्हते, ते त्याने स्वतःची चूक सांगितल्यावर झाले. पण आता जेवणाएवढा वेळ उरला नव्हता. वरच्या वळणाकडून घरघर ऐकू येऊ लागली होती.

अक्काने भावाकडे पाहिले. तिने एवढेच विचारले, "पौषापासून?"

त्याने मान खाली घातली. शेजारच्या खोपटात दोन मुली होत्या. त्यांची आई काकड्या विकायला बाजारात गेली होती. अक्का वाकून आत गेली, थोरलीला तिने केरोबाच्या हातात दिले आणि धाकटीला जुन्या लुगड्याने स्वतःच्या पाठीशी बांधले.

"हिला घेऊन चढ," ती म्हणाली. "मी मागून येते. माझे गुडघे तुझ्यासारखे धावणार नाहीत, माझ्यासाठी थांबू नको."

केरोबा पोरीला घेऊन धावला. वाळूत पाय रुतत होते. काठाच्या दरडीवर हात टेकून तो वर चढला, पोरीला गवतावर ठेवले आणि वळला. अक्का दरडीपासून पन्नास-साठ पावलांवर होती. ती पळत नव्हती. भरभर चालत होती, एक हात मागे पाठीवरच्या पोरीच्या अंगावर ठेवून. तिच्या पलीकडे तपकिरी पाणी झाडे आणि खोपटी घेऊन येत होते. केरोबा पुन्हा खाली उतरायला निघाला तेव्हा दोघा-तिघांनी त्याला मागून धरून ठेवले. तो त्यांच्या हातातून सुटला असता तरी उपयोग नव्हता. पाणी दरडीला येऊन धडकले आणि पात्रात काही दिसेनासे झाले.

त्या दिवशी एकतीस माणसे गेली. सगुणाक्का दुसऱ्या दिवशी तीन कोसांवर बाभळीत अडकलेली सापडली. तिच्या पाठीवरचे लुगडे सुटले होते. धाकटी मुलगी सापडली नाही. तिची आई बरेच दिवस नदीकाठाने खाली खाली जात राहिली. थोरली पोर शेजाऱ्यांकडे असायची.

आठव्या दिवशी राजा आला. टेकडीवर, लोंबकळणाऱ्या फुटक्या घंटेखाली, गाव जमले. केरोबाला बोलवावे लागले नाही. तो आधीच येऊन उभा होता. त्याने खाली पडलेला तुकडा उचलला आणि त्याची तुटलेली कड राजापुढे धरली.

"बघा, महाराज," तो म्हणाला. "इथून इथपर्यंत कड काळी पडलीय, आणि तिला लाख चिकटलीय. ही चीर जुनी. तिथून पुढे कड पिवळी, लखलखीत आहे. ते त्या दिवशी एका टोल्यात तुटलं. जेवढं काळं आहे, तेवढं मला माहीत होतं."

काळा भाग चार बोटांचा होता. लोकांनी तुकडा हातोहात फिरवून पाहिला.

"मी दोनदा विचारलं होतं," ठकूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर केरोबाला बरे वाटले असते. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी जुनी घंटा आणवली नाही."

राजाने तुकडा खाली ठेवला. आपणच मान वर करायला लावणारा आवाज मागितला होता, हे त्याला आठवले असावे. मग त्याने केरोबाला भट्टी पेटवायला बंदी केली. देहदंड दिला नाही. गावातल्या काहींना ती शिक्षा कमी वाटली. केरोबालाही ती कमीच वाटली.

जुनी, लहान घंटा पुन्हा टेकडीवर चढवली. तिचा आवाज शेवटच्या खोपटापर्यंत पोचत नसे, म्हणून पुढच्या वर्षीपासून लोकांनी पात्राच्या मधोमध मळे करणे सोडले. ज्यांना जमीन नव्हती ती घरे एकेक करून गाव सोडून गेली.

केरोबा खांद्यावर सामता टाकून त्या दोन गावांना निघाला, जिथे त्याच्या नावाच्या नव्या घंटा टांगलेल्या होत्या. पहिल्या गावात त्याने चावडीवर सगळे सांगितले. घंटेच्या काठावर तेल आणि चुना लावल्यावर नखाएवढी रेघ उमटली. लोकांनी त्याच्या तोंडावर थुंकायचेच काय ते बाकी ठेवले, पण भोक पाडू दिले. दिवसभर तो सामता फिरवत होता. भोक आरपार गेले, रेघ थांबली. घंटा पहिल्यासारखी गोड उरली नाही, वाजत मात्र राहिली. त्याला त्या रात्री गावात कोणी जेवायला बोलावले नाही.

दुसऱ्या गावाने त्याला वेशीवरूनच परतवून लावले. त्यांची घंटा छान वाजत होती, आणि भोक पाडून ती विद्रूप करायला आलेल्या वेड्या म्हाताऱ्याचे त्यांनी काही ऐकून घेतले नाही. केरोबा चार दिवस वेशीबाहेर बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आपली गोष्ट सांगे. ज्याने एकदा लपवले होते त्याच्या सांगण्याला आता वजन राहिले नव्हते. पुढल्या वर्षी ती घंटाही फुटली आणि त्या गावाची सात माणसे नदीने नेली. ही बातमी केरोबाला एका धर्मशाळेत कळली. त्याने सात हा आकडा एकतीसमध्ये मिळवला आणि त्यानंतर तो फारसा कोणाशी बोलला नाही.

तात्पर्य : लपवलेली चीर कधी थांबत नाही, ती थांबवायची तर आपल्या कामाला आपल्याच हाताने, वेळेवर आणि सगळ्यांदेखत भोक पाडावे लागते.